उसने नाव, आपला गाव

मुंबईच्या लोकलमध्ये दोन अनोळखी माणसे बोलू लागली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एक प्रश्न हटकून येतो, "तुम्ही मूळचे कुठले?" कुणी रत्नागिरीचे नाव घेतो, कुणी जुनागढचे, कुणी उडुपीचे, कुणी आझमगढचे. आमच्या माणसाची मात्र पंचाईत होते. "मूळचा इथलाच," असे म्हटले तर समोरच्याला ते खरे वाटत नाही. आडनाव परेरा किंवा डिसोझा आहे असे कळताच तो आम्हांला परस्पर गोव्याला पोहोचवून मोकळा होतो. "गोव्याचा नव्हे, ईस्ट इंडियन," असा खुलासा करावा तर गोंधळ अधिकच वाढतो. कारण ईस्ट म्हणजे पूर्व, आणि मुंबई तर देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर! मग कुणीतरी सहानुभूतीने विचारतो, "कलकत्त्याकडचे का?"

वरवर पाहता हा विनोद आहे, आणि आम्हीही तो हसून सोडून देतो. परंतु हे शहर शहर होण्यापूर्वीपासून ज्या समाजाने या भूमीवर भात पेरला, मीठ पिकविले आणि मासळी धरली, त्या समाजाला आपण इथलेच आहोत हे सांगावयास तीन वाक्ये लागावीत आणि तरीही ते कुणाला पटू नये, याचे कारण शोधले पाहिजे. ते कारण दुसऱ्यांच्या अज्ञानात जितके आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, आम्ही स्वतःसाठी निवडलेल्या नावात आणि सोयीस्करपणे विसरलेल्या इतिहासात आहे, असे आमचे मत आहे. त्याचा माग काढावयाचा तर माझगावइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरले की एका अंगाला गोदीच्या भिंती व क्रेनांचे उंच सांगाडे दिसतात आणि दुसऱ्या अंगाला भंडारवाड्याची टेकडी. टेकडीपासून जवळच म्हातारपाखाडी ही ख्रिस्ती वस्ती आहे. लाकडी कठड्यांची, बाहेरून जिना असलेली, कौलारू घरे, अरुंद वाटा आणि वाटेच्या वळणावर क्रूस. चहूकडे उंच इमारती उठल्या असताना ही घरे अजून तग धरून आहेत. ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांपैकी माझगाव हे एक. हे नाव मासळीवरून आले असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. लोकांनी मात्र त्याचा सरळ अर्थ लावला, माझा गाव. भाषाशास्त्रापुढे तो टिकणार नाही. पण ज्यांनी तो लावला त्यांची भावना खोटी नव्हती.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसईचा प्रदेश पोर्तुगिजांना तोडून दिला आणि त्याबरोबर साष्टी व मुंबईची बेटेही त्यांच्या हाती गेली. माझगावची जहागीर १५७२ मध्ये पोर्तुगालच्या राजाने डिसोझा ई लिमा या घराण्याला दिली. त्याच घराण्याच्या देणगीतून १६३२ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी येथे ग्लोरिया मातेचे चर्च उभारले. त्या काळी माझगाव आमराईसाठी प्रसिद्ध होते. येथील काही आंबे वर्षातून दोनदा फळत, अशी त्यांची ख्याती होती. आज ज्या जागी पोलादाचे पत्रे जोडले जातात तिथे आंब्याची सावली होती, हे सांगितले तर नातवंडांना खरे वाटणार नाही.

या काळात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते कोण होते? कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, वाडवळ, सामवेदी. म्हणजे ज्यांची शेते, खाजणे आणि होड्या येथे होत्या, तीच ही माणसे. धर्म बदलला तशी नावे बदलली. धर्मगुरूचे किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभे राहिलेल्या पोर्तुगीज गृहस्थाचे आडनाव पदरी आले. पण बायकांचे लुगडे तेच राहिले, घरातली बोली तीच राहिली, शेतीचे व जाळ्याचे शब्द तेच राहिले. जातीही, कबूल करावयास संकोच वाटला तरी, बऱ्याच अंशी त्याच राहिल्या. आमच्या आडनावावरून आमचे कूळ शोधणारा मनुष्य लिस्बनला पोहोचेल. आमच्या बोलीवरून शोधणारा मात्र उत्तर कोकणाबाहेर जाणार नाही.

यानंतर या समाजाच्या नशिबी एक विलक्षण फाळणी आली. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या, कॅथरीनच्या, लग्नात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. इंग्रजांना प्रत्यक्ष ताबा मिळावयास १६६५ साल उजाडले आणि १६६८ मध्ये राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. साष्टी आणि वसई मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. म्हणजे माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द झाली! माहीमच्या मुलाचा मामा वांद्र्याला राहत असेल तर तो परमुलखात राहत होता. भाषा एक, धर्म एक, सोयरिकी एक, आणि राजे दोन. पुढे १७३९ मध्ये वसई व साष्टी मराठ्यांकडे गेली, १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे बांधून झाल्यावर मामाच्या घरी पायी जाता येऊ लागले.

१७३९ या सालाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. कारण आमच्या स्मरणातले ते सर्वांत अवघड साल आहे. मराठी शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात चिमाजी अप्पांची वसईची मोहीम हा पराक्रमाचा धडा असतो आणि तो तसा आहेच. परकी सत्तेचा बळकट किल्ला देशी सैन्याने अपार प्राणहानी सोसून जिंकला. परंतु तोच धडा वाचणाऱ्या आमच्या मुलाने घरी आजीकडून वेगळे काही ऐकलेले असते. चर्चे ओस पडली, धर्मगुरू निघून गेले, मूर्ती लपवाव्या लागल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे ती वसईच्या एका चर्चमधून विजयचिन्ह म्हणून नेलेली आहे, हे सर्वश्रुत आहे. ती घंटा पाहताना मराठी माणूस म्हणून अभिमान वाटावा की कॅथलिक म्हणून चुटपुट लागावी? आमच्या मते दोन्ही वाटावे. एकाच छातीत दोन स्मृती बाळगणे कठीण असते, पण बंदराच्या शहरात राहणाऱ्या माणसाला ते शिकावेच लागते. आमची चूक झाली ती अशी की आम्ही यांपैकी एकही स्मृती मोठ्याने सांगितली नाही. शाळेत गप्प राहिलो आणि घरात कुजबुजलो.

दुसरी गोष्ट आम्ही याहूनही कसोशीने विसरलो. मुंबई इंग्रजांकडे गेली तरी येथील चर्चवर गोव्याच्या आर्चबिशपांचा, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालच्या राजाचा, पाद्रुआदोचा हक्क चालू होता. इंग्रजांना ते खपेना. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटावरून काढले आणि रोमच्या प्रोपागांदा संस्थेच्या अधिकाराखालील कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. तेव्हापासून दोन शतके हा वाद चिघळत राहिला. १७९४ पासून तर मुंबईत अधिकृतपणेच दुहेरी अधिकारक्षेत्र झाले. काही चर्चे एकाची, काही दुसऱ्याची. घरे फुटली, सोयरिकी मोडल्या. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून तंटा इतका पेटला की बिशप अनास्तासियुस हार्टमन स्वतः चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि बाहेर पाद्रुआदोच्या बाजूच्या लोकांनी वेढा घातला. ज्या वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच वर्षीची ही गोष्ट.

आज हे आठवले की शरम वाटते, आणि म्हणूनच धर्मग्रामांच्या शतकमहोत्सवी अंकांतून हे प्रकरण दोन ओळींत उरकलेले असते. तथापि यात केवळ भांडणच पाहणे अन्यायाचे होईल. आमच्यावर सत्ता कुणाची, लिस्बनची, रोमची की लंडनची, आणि ती ठरविताना आमचे मत कुणी विचारणार आहे की नाही, हा प्रश्न मुंबईच्या साध्या कोळ्या-शेतकऱ्यांनी राष्ट्रीय सभा जन्मण्याच्या कितीतरी आधी चर्चच्या दाराशी उभे राहून विचारला होता. अर्ज लिहिणे, वर्गणी जमविणे, सभा भरविणे, कोर्टाची पायरी चढणे हे सर्व सार्वजनिक शिक्षण आमच्या लोकांना या तंट्यात मिळाले. वाईट निमित्ताने का होईना, मिळाले.

इकडे बंदर वाढत होते. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक जहाजांना खुले झाले. जिथे काम तिथे माणूस. पहिल्या आगाखानांची कबर असलेले हसनाबाद माझगावातच आहे. भायखळ्याला बगदादहून आलेल्या यहुद्यांचे सिनेगॉग १८६० च्या दशकात उभे राहिले. गोदीच्या आधाराने चिनी माणसे वसली. त्यांचे १९१९ चे सी युप कून देऊळ माझगावात आजही आहे. आणि या सर्वांबरोबर, संख्येने फार मोठा असा गोव्याचा ख्रिस्ती समाज आला. कुणी खलाशी, कुणी आचारी, कुणी वाजंत्री, कुणी कारकून. जहाज मिळेपर्यंत उतरावयास त्यांनी गावोगावच्या नावांचे 'कूड' काढले आणि ते माझगाव-धोबीतलाव भागांत पसरले.

येथून नावाचे प्रकरण सुरू होते. इंग्रज सरकारच्या दृष्टीने पोर्तुगीज आडनावाचा प्रत्येक कॅथलिक हा 'पोर्तुगीज ख्रिश्चन' होता. गोवेकर हा खरोखरच पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन. पण माझगाव, वांद्रे, ठाणे येथला ख्रिस्ती मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी अमलाखालचा. तरी दोघांना एकच शिक्का. कारकुनीच्या, रेल्वेच्या, जकातीच्या नोकऱ्यांत हक्क मागताना हा शिक्का आडवा येऊ लागला. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. त्या वर्षी येथील मूळच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव दिले. भूमिका अशी की, आम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे या भागातील सर्वांत जुने सेवक, तेव्हा आमचा हक्क पहिला.

आता गंमत पाहा. ज्या कंपनीचे नाव घेतले तिच्याकडून राज्यकारभार १८५८ मध्येच काढून घेण्यात आला होता आणि १८७४ मध्ये तर ती कायद्याने विसर्जित झाली होती. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी मेलेल्या कंपनीच्या नावाने एका जिवंत समाजाचे बारसे झाले. त्यातही 'ईस्ट इंडियन' हा शब्द काही कोरा नव्हता. कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांनी १८३० मध्ये जॉन रिकेट्स यांच्यामार्फत इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे जो अर्ज नेला तो 'ईस्ट इंडियन' लोकांचा अर्ज म्हणूनच ओळखला जातो. लोकलमधील आमचा सहप्रवासी कलकत्त्याचे नाव घेतो तेव्हा, न कळत, तो अगदीच चुकत नसतो!

त्या पुढाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. प्रश्न भाकरीचा होता, आणि भाकरीच्या प्रश्नापुढे व्युत्पत्ती कोण पाहतो? तरीही दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे हे नाव गोव्याच्या धर्मबंधूंपासून आम्हांला तोडण्यासाठी निवडले गेले आणि त्या तोडण्याची कटुता दोन-तीन पिढ्या पुरली. एकाच चर्चमध्ये एकाच बाकावर बसणाऱ्यांनी एकमेकांच्या घरी मुलगी देऊ नये, इथपर्यंत ती गेली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आमच्याजवळ सांगण्यासारखे दोन आधार होते, भूमी आणि भाषा. 'साष्टीचे ख्रिस्ती', 'उत्तर कोकणचे ख्रिस्ती' असे कोणतेही नाव खरे ठरले असते. आम्ही मात्र आपली ओळख आपल्या धन्याच्या नावाने सांगितली. वसईच्या सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती बांधवांनी हे नाव तितक्या उत्साहाने अंगाला लावून घेतले नाही. त्यांच्याजवळ वाड्या होत्या, विहिरी होत्या, केळीची बने होती. साहेबाच्या कचेरीत जागा मागण्याची निकड त्यांना तेवढी भासली नसावी.

हे नाव धारण केले गेले तेव्हा म्हातारपाखाडीत जन्मलेला एक तरुण तेवीस वर्षांचा होता. जोसेफ बाप्टिस्टा. जन्म १७ मार्च १८६४. घराणे मूळचे उत्तनचे. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत व पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. सरकारी नोकरी करून ते केंब्रिजला गेले, बॅरिस्टर होऊन परतले आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी झाले. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष टिळक नव्हते, तर जोसेफ बाप्टिस्टा होते. १९१७ मध्ये होमरूलची बाजू मांडण्यासाठी ते इंग्लंडला गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते. दुसऱ्या वर्षी झरिया येथील अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना 'काका' म्हणत. १९३० साली ते निवर्तले. जन्मसिद्ध हक्काच्या त्या प्रसिद्ध घोषणेचे श्रेय काहीजण त्यांना देतात. आम्हांला त्या वादात गोडी नाही. काकांचे मोठेपण एका वाक्यावर टेकलेले नाही.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. चिमाजी अप्पांची वसई ज्यांच्या घरी कुजबुजत सांगितली जाई, अशा समाजातला हा कॅथलिक गृहस्थ. आणि पेशव्यांच्या पुण्याचा अभिमान बाळगणारे टिळक. या दोघांना १७३९ ची आठवण नव्हती असे कोण म्हणेल? ती असूनही स्वराज्याच्या कामी ती आड आली नाही. राष्ट्र घडते म्हणजे सर्वांच्या आठवणी एक होतात असे नव्हे. वेगवेगळ्या आठवणींची माणसे एका कामाला हात लावतात, एवढेच घडते, आणि तेवढे पुरते. शिवाय, ज्या समाजाने एकोणतीस वर्षांपूर्वी कंपनीची चाकरी हे आपले भूषण म्हणून मिरविले होते त्याच समाजातून त्या राज्याविरुद्धच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष निघाला. आमच्या समारंभांतून १८८७ चा उल्लेख अगत्याने होतो. १९१६ चा होतो का, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

काकांच्या हयातीतच माझगावचे रूप पालटले. १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर शाखा सुरू झाली. १९११ मध्ये १६३२ चे जुने ग्लोरिया चर्च पाडण्यात आले आणि नवे चर्च भायखळ्याला उभे राहिले. आज पुलावरून जाताना दिसते ते हेच. चर्च उठून दुसरीकडे जाणे मुंबईत नवे नव्हते. एस्प्लनेडवरचे एस्पेरान्सा चर्च किल्ल्याच्या तोफांसमोर मोकळी जागा हवी म्हणून १७६० मध्ये इंग्रजांनी हटविले आणि ते काव्हेल येथे पुन्हा बांधले गेले. मागे राहिला तो क्रूस. त्या क्रूसावरूनच क्रॉस मैदान हे नाव पडले. रोज लाखो माणसे चर्चगेटहून त्या मैदानाच्या कडेने जातात.

चर्चच्या अंतर्गत कारभारातही स्वराज्य आले ते याच सुमारास, पण सावकाश. १९२८ च्या करारान्वये दुहेरी अधिकारक्षेत्र संपले. मात्र मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, अशी तडजोड झाली. हिंदी माणसाचा क्रम त्या यादीत नव्हताच! पोर्तुगीज आर्चबिशप लिमा यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्रज जेज्वीट थॉमस रॉबर्ट्स आले. त्यांनी मात्र मनाचा मोठेपणा दाखविला. आपल्या जागी भारतीय यावा म्हणून ते स्वतः दूर झाले. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. प्रजासत्ताक आणि मुंबईचे भारतीय महागुरू एकाच वर्षी यावेत हा योगायोग आमच्या वडीलधाऱ्यांच्या फार स्मरणात होता.

लगेच पुढच्या दशकात मुंबई कुणाची हा वाद पेटला. मुंबई बहुभाषिक आहे, ती बाहेरून आलेल्या भांडवलाने व उद्यमाने घडली, मराठी माणूस येथे मजूर म्हणून आला, तेव्हा ती महाराष्ट्रात घालू नये, असा युक्तिवाद तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी केला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. चळवळीत शंभराहून अधिक माणसे बळी पडली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. या युक्तिवादाला सर्वांत सोपे उत्तर काय होते? गिरणी आणि गोदी येण्याच्या आधीपासून, कंपनीच्याही आधीपासून, माहीम, माझगाव, वांद्रे, मरोळ, गोराई येथे मराठी बोलणारी गावे होती आणि ती अजून आहेत, हे ते उत्तर. ही गावे आमची होती. कोळी बांधवांची होती, आगऱ्यांची होती, आणि आमचीही होती. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात मराठीच्या १९०५ च्या खंडात या किनाऱ्याच्या बोली नोंदलेल्या आहेत. पण साक्षीला उभे राहावयाचे तर नाव सांगावे लागते, आणि आमचे नाव इंग्रजी होते. साक्षीदार हजर होता. त्याला कुणी ओळखले नाही, आणि त्यानेही पुढे होऊन आपली ओळख दिली नाही.

यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे आणि तो पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. १९५० व १९५७ मध्ये मुंबईच्या हद्दी वाढल्या आणि साष्टीची गावे शहरात आली. शेतांवर वसाहती झाल्या, खाजणांवर भराव पडला, गावठाणे मध्येच बेटांसारखी उरली. एकच उदाहरण देतो. मरोळजवळ जेज्वीटांनी १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च होते. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे लोकांनी ते सोडले आणि मरोळला नवे चर्च केले. पडक्या चर्चभोवतीची जमीन पुढे सरकारने घेतली आणि १९७३ मध्ये तेथे सीप्झ हे निर्यात क्षेत्र झाले. परदेशी जाणारे दागिने व यंत्रे ज्या कुंपणाच्या आत बनतात त्याच कुंपणाच्या आत चारशे वर्षांपूर्वीच्या भिंती उभ्या आहेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, भाविक तेथे मिस्सासाठी जमतात. देशाला परकी चलन हवे होते, कारखाने हवे होते, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. पण आपल्या पूर्वजांच्या वेदीपाशी जाण्यास फाटकावर परवानगी घ्यावी लागते, हेही राष्ट्रउभारणीच्या हिशेबात कुठेतरी मांडले गेले पाहिजे.

जमिनीपेक्षा भाषेचे नुकसान मात्र आमचे आम्हीच केले. चर्चच्या इंग्रजी शाळांनी आम्हांला नोकऱ्या दिल्या, त्याबद्दल कृतज्ञता आहे. परंतु आजी मराठीत रागावते, वडील दोन्ही भाषांत बोलतात आणि नातू फक्त इंग्रजीत उत्तर देतो, असे घर मुंबईच्या गावठाणांत शोधावे लागत नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेत उपासनेची दारे उघडली. १९६४ च्या डिसेंबरात युखरिस्त परिषदेसाठी पोप सहावे पॉल ओव्हल मैदानावर आले तेव्हा सारी मुंबई लोटली होती. वसईच्या धर्मग्रामांनी त्या उघड्या दारातून आपली मराठी आत नेली. तिथे मराठी मिस्सा, मराठी शाळा, मराठी नियतकालिके यांची जोपासना झाली आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले. शहरातील आमच्या बऱ्याच धर्मग्रामांत मराठी मिस्सा असली तर पहाटेची असते, आणि तिला येणाऱ्यांची सरासरी वयोमर्यादा सांगण्याची गरज नाही.

तरीही सर्व हरवले असे नाही. लग्नाच्या आदल्या रात्री वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणण्याची चाल टिकून आहे. विहीर बुजली असेल तर नळाचे पाणी हंड्यात भरतात, पण वरात निघतेच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. गावात शेत उरले नाही, तरी भाताची कणसे कुठून तरी येतात आणि वेदीवर आशीर्वादित होतात. लुगडे पेटीतून निघते. त्या रात्री गायल्या जाणाऱ्या गाण्यांची भाषा मराठी असते. नातवाला अर्थ कळत नाही, पण ताल कळतो. नाव कंपनीचे घेतले, तरी लग्न आम्ही कंपनीच्या रीतीने कधी लावले नाही.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा माझगावला गेलो होतो. भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या टाक्यांवरती, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. संध्याकाळी तिथे वारा चांगला असतो. खाली माझगाव डॉक दिसते. १७७४ पासूनची ही गोदी १९६० मध्ये सरकारने घेतली आणि भारतात बांधलेली पहिली मोठी लढाऊ नौका 'निलगिरी' १९६८ मध्ये येथूनच पाण्यात उतरली. बाकावर शेजारी एक शाळकरी मुलगा सायकल टेकवून बसला होता. बाप्टिस्टा कोण ते ठाऊक आहे का, असे आम्ही त्याला विचारले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "कुणीतरी इंग्रज साहेब असेल." मग आमचे आडनाव विचारून झाल्यावर त्याने तो नेहमीचा प्रश्न केला, "तुम्ही गोव्याचे ना?"

"नाही रे, माझगावचा," असे म्हणून आम्ही म्हातारपाखाडीच्या दिशेने बोट दाखविले. आणि अंधार पडेपर्यंत त्याला काकांविषयी सांगत बसलो.